मृग लागला, पण पाहिला कोणी?

नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही गावी वैशाखाच्या अखेरीस चार शेतकरी एकत्र जमले म्हणजे मृग केव्हा लागतो, ही चर्चा निघाल्यावाचून राहत नाही. तो ७ किंवा ८ जूनला लागतो हे लहान पोरासही ठाऊक असते. त्या वर्षी नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, हेही कोणीतरी सांगून मोकळा होतो. परंतु त्याच मंडळींस ‘मृग आकाशात कोठे आहे तो दाखवा’ असे म्हटले, तर बहुतेकांचे बोट भिंतीवरील दिनदर्शिकेकडे जाईल आणि उरलेले हसतील. ज्याच्या नावाने आपण पेरणी करितो, ज्याच्या नावाने संत्र्याचा बहार धरितो, त्यास आपण डोळ्यांनी ओळखतही नाही. ही स्थिती शेतकरी वर्गास शोभणारी नाही, इतकेच नव्हे तर तोट्याची आहे, असे आमचे मत आहे. व ते ह्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडण्यास संपादकांनी जागा दिली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहो.

प्रस्तुत लेखकाची उभी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. शिक्षण म्हणाल तर मराठी शाळेतले. तेव्हा ज्योतिषशास्त्रावर अधिकाराने लिहिण्याचा आमचा दावा नाही. पण कागद आणि शेत ह्यांत अंतर किती पडू शकते, हे मात्र आम्ही उभ्या नोकरीत पाहिले आहे. चावडीवर बसून केलेली पीकपाहणी कशी असते, हे वाचकांस सांगावयास नको. धुऱ्यावर पाऊल न ठेविता गेल्या सालचे पीक यंदाच्या रकान्यात उतरविले म्हणजे कागद पुरा होतो. मग वावरात तूर असो की ते पडीत असो. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली, तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, परंतु छायाचित्र घेण्यासाठी का होईना, नोंद करणाऱ्यास आपल्या वावरात उभे राहावे लागते, हा तिचा गुण आम्हांस मान्य आहे. केवळ छापील तारखेवरून ऋतू ओळखणे ही चावडीवरची पीकपाहणीच होय.

प्रथम ‘नक्षत्र लागणे’ म्हणजे काय, ते पाहू. आकाशात सूर्याची जी वर्षभराची वाट आहे, तिचे आपल्या पूर्वजांनी २७ सारखे भाग केले. एक भाग १३ अंश २० कलांचा. सूर्य एवढी वाट १३-१४ दिवसांत चालतो. तो मृगाच्या भागात शिरला की मृग लागला. आता सूर्य ज्या भागात आहे तो भाग सूर्याबरोबरच उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार. तो रात्री दिसावा कसा? म्हणजे मृगाचा पाऊस पडतो त्या दिवसांत मृग रात्रीच्या आकाशात नसतोच. ही गोष्ट आम्ही ज्यांस ज्यांस सांगितली, त्यांतील पुष्कळांस ती थट्टा वाटली. मार्गशीर्षात संध्याकाळी पूर्वेस वर येतो तो मृग आणि जूनमध्ये लागतो तो मृग हे एकच, हे पटावयास त्यांस वेळ लागला.

मग पंचांग हाती नसता मृग लागल्याचे कळावे कसे? त्याचीही सोय आकाशात आहे, व ती मोठी सुरेख आहे. एप्रिल संपता संपता दिवेलागणीनंतर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे. कृत्तिकांचा लहानसा पुंजका क्षितिजाजवळ आलेला असतो. मे लागल्यावर आठवड्याभरात तो संधिप्रकाशात बुडतो. त्याच्या वर तांबूस रोहिणी. ती मेच्या मध्यास दिसेनाशी होते. तिच्या डाव्या अंगास, थोडी वर, चार ताऱ्यांची मोठी चौकट व तिच्या मधोमध एका ओळीत तीन तारे. ह्या तिघांस कोठे बाण, कोठे तिकांडे म्हणतात. हा मृग. तो मेच्या अखेरीस मावळतीच्या उजेडात जातो. चौकटीचा उजवीकडील वरचा तांबूस तारा तीच आर्द्रा. ती सर्वांच्या मागून, जूनच्या आरंभास नाहीशी होते. म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रास गाठणार, ते नक्षत्र त्याच्या आधी आठ-पंधरा दिवस आपल्या डोळ्यांदेखत पश्चिमेस बुडते. रोहिणी बुडाली, की थोड्याच दिवसांत २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते. तिकांडे बुडाले, की पंधरवड्याच्या आत-बाहेर मृग लागतो. ह्यास दुर्बीण नको, गणित नको. पश्चिमेस झाडे किंवा घरे आड येणार नाहीत असा एक धुरा आणि रोजची दहा मिनिटे पुरेत. बुडालेली ही नक्षत्रे पुढे पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागतात, रोहिणी जूनच्या अखेरीस आणि मृग जुलैत. पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते व शेतकऱ्याने ते भरलेलेच असावे अशी इच्छा करावी.

येथे एक गोष्ट पंचांगाभिमानी वाचकांस रुचणार नाही, तरी सांगणे प्राप्त आहे. सूर्य एका नक्षत्रापासून निघून पुन्हा त्याच नक्षत्राशी येतो, तो काळ ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठा आहे. वर्षाकाठी २० मिनिटे कोणाच्या हिशेबी येत नाहीत. पण ७१-७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासून आजवर मृग लागण्याचा दिवस ऋतूंच्या मानाने जवळजवळ ५ दिवस पुढे सरकला आहे. वराहमिहिरापासून, म्हणजे सुमारे १५०० वर्षांत, तो २१ दिवस सरकला. एवढ्यात सूर्य दीड नक्षत्र ओलांडतो. भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली व तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, ती ऋतूंशी बांधलेली आहे, ह्याचे कारण हीच सरक. ती दिनदर्शिका सरकारी कागदाच्या कोपऱ्यात राहिली आणि लोकव्यवहारात आली नाही, ही निराळी गोष्ट. तात्पर्य एवढेच, की नक्षत्र आणि पाऊस ह्यांची गाठ देवाने मारून दिलेली नाही. ती बघणाऱ्या माणसांनी आपल्या काळी बघून मारली, आणि बघणे थांबले तेव्हापासून ती सैल होत चालली आहे.

शिवाय पाऊस तरी कोठे एका जागी आहे? भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमनाच्या सरासरी तारखा सुधारल्या. पूर्वीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या तारखा १९६१ ते २०१९ पर्यंतच्या नोंदींवर आहेत, आणि मध्य भारतात त्या काही दिवस पुढे गेल्या. नागपुरास पाऊस आता सरासरीने जूनच्या मध्यास येतो असे धरितात. म्हणजे मृग लागतो तेव्हा खरा मोसमी पाऊस आपल्यापासून अजून आठवडाभर दूर असतो. जे पडते ते बहुधा वळवाचे. ‘मृग लागला’ म्हणून त्या एका सरीवर बी मातीत घालणाऱ्याच्या नशिबी दुबार पेरणी येते. २०२५ साली तर नवलच झाले. पाऊस २४ मे रोजी केरळात व २६ मे रोजी मुंबईस पोहोचला. रोहिणी लागून एक दिवस झाला होता. पुष्कळांस वाटले की यंदा मृगाची वाटही पाहावयास नको. आणि मेच्या अखेरीस तो जो अडला तो जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ तेथेच अडून राहिला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असे कृषी खाते दरवर्षी ओरडून सांगते. सोयाबीनच्या एका बॅगेस आज काय पडते ते वाचकच जाणतात. ती दोनदा घ्यावी लागली म्हणजे हंगामाचा नफा धुऱ्यावरच संपला.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर ह्या भागांतील संत्रावाल्यांचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. मृग बहार घ्यावयाचा तर मे महिन्यात झाडाचे पाणी तोडून त्यास ताण द्यावयाचा. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक. आणि पाऊस आला की ताण मोडून जून-जुलैत फूल यावयाचे. मेच्या मधल्या सरींनी ताण अर्धवट मोडला तर फूल धड येत नाही. पाऊस लांबला तर झाडच खंगते. येथे ‘मृग’ हा शब्द केवळ नावापुरता उरला आहे. ताण केव्हा पुरा झाला हे पान पिवळे पडण्यावरून, कोवळी पाने गळण्यावरून, जमिनीच्या भेगांवरून कळते. ८ जून ह्या आकड्यावरून नव्हे. जो बागाईतदार संध्याकाळी बागेत उभा राहून पश्चिमेकडे पाहतो, तो पानाकडेही पाहतो, असा आमचा अनुभव आहे. पाहण्याची सवय एकाच ठिकाणी थांबत नाही.

यावर सुशिक्षित तरुण म्हणतात, ‘काका, आता उपग्रह आहे, मोबाईलवर तासातासाचा अंदाज येतो, तारे पाहून काय मिळणार?’ त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ताऱ्यांवरून पाऊस कळत नाही, कधी कळत नव्हता, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. वाहनाचा हिशेब तर सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून ९ ने भागावयाचा व बाकी पाहावयाची. त्यात ढगाचा संबंध येतो कोठे? हवामान खात्याचा अंदाज जरूर पाहावा, व वाहनावर पैसा लावण्यापेक्षा त्यावर लावावा. परंतु अंदाज हा तालुक्याचा किंवा मंडळाचा असतो. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो. तेथे ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर साऱ्या मंडळात अतिवृष्टी, आणि न झाला तर तुमचे वावर वाहून गेले तरी कागदावर कोरडे. अशा वेळी अर्ज घेऊन येणाऱ्यास ‘पाऊस केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, वारा कोणीकडचा होता’ असे विचारले, म्हणजे नव्वद टक्के उत्तरे ‘मघात’ किंवा ‘पोळ्याच्या आसपास’ अशी येत. दोन रुपयांच्या वहीत तारीख घालून चार शब्द लिहिलेला माणूस आमच्या नोकरीत आम्हांस हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला; आणि पंचनाम्याच्या वेळी त्याचे बोलणे साहेब लोकही थांबून ऐकत. (वहीची किंमत आता दोन रुपये राहिली नाही, हे खरे.)

ह्या वहीत आकाशाबरोबर जमिनीवरचेही यावे. पळस कधी फुलला, मोह कधी टपकू लागला, बहावा कधी पिवळा झाला, पावशा पहिल्याने कधी ओरडला, कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर घातले. अरण्यविद्येचे थोर लेखक मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीनंतर कित्येक वर्षे नागपुरात राहिले. २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरात त्यांचे निधन झाले. पशुपक्षी व झाडे ह्यांच्या वागण्यावरून पावसाविषयी रानातली माणसे काय ठरवितात, हे त्यांनी आयुष्यभर टिपले. त्यातील कोणते अनुमान खरे व कोणते पोकळ, हे ठरवावयास एकाच गावची २०-२५ वर्षांची टिपणे पाहिजेत. ती विद्यापीठात मिळणार नाहीत; आपल्याच घरात मिळावयाची.

वेळ नाही, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. कापसाची वेचणी, मजूर, बाजार समिती, बँक, पोरांची फी. खरोखरच वेळ नाही. पण हेही पाहा, की शेतीपंपांस थ्री फेज वीज कित्येक वर्षे आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आली, आणि हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आपला शेतकरी अर्धी रात्र वावरात काढीत आला. सौर पंपांमुळे काहींची त्यातून सुटका झाली, सर्वांची नव्हे. डुकराच्या, सापाच्या भीतीने बॅटरी हातात, आणि पाणी सरीच्या टोकास जाईपर्यंत डोळे मोबाईलवर. त्याच वेळी माथ्यावर काय असते? डिसेंबरच्या मध्यास संध्याकाळी पूर्वेस उगवलेला मृग बरोबर मध्यरात्री दक्षिणेस सर्वांत उंच येतो. जानेवारीच्या मध्यास तो त्याच जागी रात्री १० ला येतो, कारण प्रत्येक तारा रोज ४ मिनिटे आधी उगवतो, महिन्यास दोन तास. एवढे ध्यानात ठेविले की पाणी बदलण्याची वेळ खिशात हात न घालता कळते. तिकांड्याची रेघ डावीकडे खाली वाढविली की व्याध, साऱ्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्याही खाली, दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर, अगस्त्य. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ह्या एका ताऱ्याच्या उदयावर स्वतंत्र अध्याय आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धानंतर तो पहाटे दिसू लागला की नदीनाल्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी जुनी समजूत. शेतात उभे राहणे तर चुकत नाही. मान वर करण्यास निराळा वेळ लागत नाही.

हा नाद केवळ पोथीवाल्यांचा असेही कोणी समजू नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया व अभ्यासक गणेश हलकारे ह्यांनी आपल्या भागातील गोंड गावांत हिंडून तेथील वृद्धांस आकाशाविषयी विचारले, व २०१३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांस आढळले, की मृगाच्या मधल्या ताऱ्यांत गोंडांस नांगर दिसतो आणि सप्तर्षींत बाज. नांगर धरणाऱ्यास आकाशातही नांगर दिसावा, ह्यात नवल ते काय? आम्हांस मात्र तेथे हरणाचे चित्र पुस्तकात पाहिल्यावाचून सापडत नाही. आपल्या मराठी भाषेत ह्या विषयाची वाणही नाही. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक; त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा, विद्वानांसाठी. परंतु त्यांनी सामान्य वाचकांसाठीही एक पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. आमची मागणी त्याहून पुष्कळच कमी आहे.

आता अडचण अशी, की पाहावयास उभे राहिले तरी दिसत नाही. २०१६ साली रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा जगाचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यावरून जगातील एकतृतीयांश माणसांस आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे. नागपूर शहराची गोष्टच सोडा. पण हल्ली गावच्या चौकात, मंदिरासमोर, गोठ्यावर, विहिरीवर जे पांढरे एलईडी दिवे लागले आहेत, त्यांचा निम्मा उजेड वर आभाळात व शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्रभर जळणाऱ्या दिव्यावर पतंग व किडे वावराच्या धुऱ्यावर गोळा होतात ते वेगळेच. उजेडाला आमचा विरोध नाही. कंदिलाच्या दिवसांचे गोडवे गाणारे बहुधा कंदील पुसणारे नसत. वाट दिसण्यापुरता उजेड वाटेवर पडावा, एवढेच म्हणणे.

आणि हे होऊ शकते, ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात ते पहिले व आशियात पाचवे. त्यासाठी जंगलाच्या कडेच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा ह्या गावांतील रस्त्यांवरील व सार्वजनिक जागांवरील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसविण्यात आले, व वाघोलीच्या तलावाजवळ आकाश पाहण्याची सोय केली. गावे अंधारात बुडाली नाहीत. दिव्यांचे तोंड फक्त खाली झाले. पुण्या-मुंबईचे प्रवासी आता पैसे मोजून तारे पाहावयास तेथे येतात. आपण मात्र तेच आकाश फुकट असता दिव्याने पुसून टाकितो.

ज्यांच्या ग्रामपंचायतीत नवे दिवे घ्यावयाचे ठरत असेल, त्यांनी दर मागविताना झाकण असलेले व पिवळसर उजेडाचे दिवे मागवावेत; जुन्यांस पत्र्याचे झाकण गावचा कारागीरही करून देईल. गोठ्यावरचा व विहिरीवरचा दिवा माणूस नसता मालविण्यास तर ठरावही नको. हा विषय ग्रामसभेत काढावयाचा असेल त्यांनी एप्रिलच्या अखेरची किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्याची संध्याकाळ धरावी, व त्यातही चांदणे नसलेली. कामकाज दिवेलागणीपूर्वी आटोपून सभासदांस गावाच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर न्यावे आणि चौकातले दिवे पंधरा मिनिटे बंद ठेवावेत. तिकांडे तोपर्यंत मावळतीस टेकू लागलेले असते.